याशिवाय लहान-मोठ्या कुस्त्या

चैत्र लागला की सांगली-सातारा पट्ट्यातल्या भिंतींवर जत्रांची पोस्टरं चढायला लागतात. एसटी स्टँडची भिंत, रसवंतीचा पत्रा, डेअरीचं शटर, सोसायटीचं गोदाम, जिथे हात पोचेल तिथे. वर ग्रामदैवताचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत ‘भव्य निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’, दोन्ही बाजूंना हात जोडलेले पुढारी आणि मधोमध एक नंबरच्या कुस्तीचे दोन पैलवान. हे दोघं एवढे मोठे छापलेले असतात की मानेवरच्या शिरासुद्धा मोजाव्यात. दोन नंबरची जोड जरा लहान. तीन, चार, पाच आणखी लहान. उतरत उतरत दहा-बारा नंबरपर्यंत चेहरे अंगठ्याएवढे होतात. पुढे फोटो संपतात आणि नुसती नावं उरतात: पै. अमुक, गाव तमुक, अमक्या वस्तादांचा पठ्ठा. अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या जरा वर, एक ओळ असते. ‘याशिवाय लहान-मोठ्या कुस्त्या जागेवर जोडल्या जातील.’

मला ही पोस्टरं खालून वर वाचायची सवय आहे. वरचे दोघं कोण हे वाचावं लागत नाही. ते पेपरात येतात, मोबाईलवर येतात, चहाच्या गाड्यावर आठवडाभर तेच चालू असतं. खालच्या नावांत मात्र सगळा मुलूख दिसतो. पलूस, बेनापूर, विटा, कडेगाव, बांबवडे, पुसेगाव, औंध. एकाच आडनावाचे तिघं सलग आले की ओळखावं, भाऊभाऊ आहेत आणि घरात दोन तरी म्हशी आहेत. एखाद्या नावापुढे गावाऐवजी कोल्हापूरच्या तालमीचं नाव असलं की समजावं, पोरगं घर सोडून गेलंय आणि बाप दर महिन्याला तुपाचा डबा एसटीत ठेवून येतोय. आमच्याकडच्या पोरांची ही जुनीच वाट आहे. सांगली-साताऱ्याने पोरं द्यायची आणि गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींनी त्यांचे पैलवान करायचे.

मैदानाला जायचं तर उन्हाचं जावं. तीनच्या सुमाराला हलगी तापवून घेतात, घुमकं तिला साथ देतं आणि लहान पोरांच्या कुस्त्या सुरू होतात. प्रेक्षक अजून आलेले नसतात. पुढाऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या. पांढऱ्या टोप्यांचे चार-सहा म्हातारे तेवढे कडेला फतकल मारून बसलेले. दोन जुने पैलवान दोन पोरांची मनगटं धरून त्यांना शेजारीशेजारी उभं करतात, उंची बघतात, खांदे चाचपतात, ‘ही जोड बरी हाय’ म्हणतात आणि दोघांना हात वर करून आखाड्याभोवती फिरवून आणतात. पूर्वी या कुस्त्या रेवड्या-बत्ताशांवर व्हायच्या. आता दहा-वीस-पन्नासाच्या नोटेवर होतात. एखाद्याचा लंगोट थोरल्या भावाचा असतो, त्याला दोन वेढे जास्त पडतात. कुस्ती मिनिटभरात निकाली होते. पाठ टेकलेलं पोरगं उठताना आधी बाप कुठे आहे ते बघतं.

आणि एक नंबरची कुस्ती लागते तेव्हा दिवे लागलेले असतात, फेटे बांधून झालेले असतात, निवेदकाचा घसा बसलेला असतो. दोन अवाढव्य माणसं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून खडाखडी करत राहतात. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. पंच ताकीद देतात, पब्लिक शिट्ट्या मारतं, शेवटी गुणांवर निकाल लावतात नाहीतर बरोबरीत सोडवतात. सगळ्याच वेळी असं होतं असं नाही. पण माझं आपलं मत, की एक नंबरच्या कुस्तीत कुस्ती कमी असते. दोघांच्या डोक्यावर पुढच्या चार मैदानांचं मोल असतं. खरी कुस्ती बघायची तर सहा-सात नंबरची बघावी. तिथे पडणाऱ्याचं फार काही जात नाही आणि जिंकणाऱ्याला सगळंच मिळवायचं असतं.

हे मत माझं म्हणून सांगितलं खरं, पण ते तात्यांचं आहे. तात्या आमच्या शेजारचे. कान मोडलेले, मान आखूड, पायऱ्या चढताना गुडघा धरतात. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या एका तालमीत काढली. मैदानात त्यांचं नाव कधी सात नंबरच्या वर गेलं नाही. पण तालमीत ते एका फार मोठ्या पैलवानाचे जोडीदार होते. त्या पैलवानाचं नाव ते घेत नाहीत. ‘आमचा गडी’ म्हणतात. आमच्या गड्यानं अमक्याला लोळवलं, आमचा गडी तेव्हा आजारी हुता. सुरुवातीला मला वाटायचं, हा आदर असेल. पुढे पुढे वाटायला लागलं, की ही थोडी मालकीही आहे.

तालमीत पहाटे काय चालतं हे बाहेरच्याला सहसा दिसत नाही. साडेतीन-चारला उठायचं, हौदा खणायचा. ती तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात तेल जातं, ताक जातं, लिंबू, काव, कापूर आणि हळद जाते. सांगलीच्या पेठेतली हळद देशभर जेवणात जाते हे सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातली थोडी आमच्या पोरांच्या खरचटलेल्या कोपरांतही जाते. वस्ताद कट्ट्यावर बसतात. मोठा पैलवान हौद्यात उतरतो आणि मग त्याच्यावर एकेक जोडीदार सोडायचा. आधी एखादा हलका, चपळ गडी, त्याचा दम उघडायला. मग तोडीचा. मग तो थकला की तिसरा, ताजा आणि वजनदार. मोठ्याने हौद्याबाहेर यायचं नाही. बाकीचे बदलत राहतात. त्यांनी पडायचं, उठायचं, अंगावर माती टाकायची आणि पुन्हा भिडायचं. नंतर त्याच्या अंगाची मालिश करायची, बदाम सोलायचे, थंडाई घोटायची.

यात सगळ्यांत अवघड काम तात्यांकडे होतं. मोठं मैदान ठरलं की समोरचा पैलवान कसा लढतो याची खबर काढायची. त्याचा कुठला पाय पुढे असतो, पट कधी काढतो, ढाक कुठल्या बाजूने लावतो, दम कधी तुटतो. आणि मग मैदान होईपर्यंत तालमीतल्या एकाने तो पैलवान व्हायचं. त्याच्यासारखं उभं राहायचं, त्याच्यासारखी पकड घ्यायची, त्याचाच डाव मारायचा, म्हणजे आपल्या गड्याला त्याची तोड सापडते. तात्या म्हणतात, “मी दोन म्हयनं पंजाबचा झालो हुतो. एकदा तर दिल्लीचा.” हे सांगताना ते हसतात. पण दुसऱ्याची कुस्ती अंगात मुरवून घेताना स्वतःची कुस्ती कुठे जाते? मी एकदा विचारलं. तात्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “माझा घिस्सा लई चांगला हुता.” मग कुठला घिस्सा, कसा, हे उठून दाखवायला लागले आणि गुडघ्याने साथ दिली नाही.

माझ्या पिढीची कुस्ती मात्र आधी पत्त्यांतून आली. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली ते ट्रम्प कार्ड होते. परदेशी पैलवानांचे फोटो, उंची, वजन, जिंकलेल्या लढती आणि क्रमांक. तालमीच्या पायरीवर बसून आम्ही ते खेळायचो आणि आत खरे पैलवान जोर मारत असायचे, याची आम्हाला काही गंमत वाटत नव्हती. खालच्या क्रमांकाचा पत्ता आला की डाव गेला, एवढंच कळायचं. पुढे केबलवर टोळ्यांची कुस्ती आली. १९९६ साली हल्क होगन, केविन नॅश आणि स्कॉट हॉल यांनी काळे कपडे घालून एनडब्ल्यूओ नावाची टोळी काढली आणि तिची हवा अशी झाली की इस्लामपूरच्या पोरांनीही काळे बनियन घातले. टोळी वाढत गेली. शेवटी शेवटी तिच्यात इतके जण होते की कोण कशासाठी उभा आहे हे तिच्या चाहत्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांच्यातला एक माझ्या डोक्यातून जात नाही. माइक जोन्स हे त्याचं खरं नाव. आधी तो टेड डिबियासी या ‘करोडपती’ पैलवानाचा अंगरक्षक म्हणून व्हर्जिल या नावाने वावरायचा. मालकाच्या मागे उभं राहायचं, त्याची हुकमत सोसायची. नव्या टोळीत त्याचं नाव व्हिन्सेंट झालं आणि काम जवळपास तेच राहिलं: टोळीचा सुरक्षाप्रमुख. म्हणजे मार खायची वेळ आली की आधी हा. २०२४ च्या फेब्रुवारीत तो वारला. त्या धंद्यात निकाल आधी ठरलेले असतात आणि हरण्याचाच पगार घेणारी माणसं असतात, हे आता लहान पोरांनाही माहीत आहे. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही लबाडी वाटली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “पडायला शिकवत्यात का त्येनला?” शिकवतात म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

हे झालं परदेशातलं. आमच्या मुलखाकडे वळायचं, तर कराडहून गोळेश्वर अगदी हाकेच्या अंतरावर. खाशाबा जाधवांचं गाव. १५ जानेवारी १९२६ चा जन्म, वडील दादासाहेब स्वतः पैलवान, शाळा कराडच्या टिळक हायस्कूलची. त्यांची गोष्ट आता पाठ्यपुस्तकात जाण्याइतकी घोटून झाली आहे. १९४८ साली लंडनला सहावे. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जपानच्या शोहाची इशीईशी झालेल्या लांबलचक कुस्तीनंतर विश्रांती न देता लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवपुढे उभं केलं, ही हळहळ आमच्याकडे अजून जिवंत आहे. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक कराडहून निघाली. नंतर पोलीस खात्यातली नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू आणि मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी अर्जुन पुरस्कार. सरकारला त्यांची आठवण उशिरा झाली हे खरंच आहे. पण गाव, तालुका त्यांना कधी विसरला नाही.

त्या गोष्टीच्या कडेला मात्र गर्दी आहे. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी, ज्यांनी त्यांना घडवलं. रीस गार्डनर नावाचा अमेरिकन, ज्याने लंडनपूर्वी मातीतल्या या गड्याला गादीवरची कुस्ती शिकवली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, ज्यांनी हेलसिंकीच्या प्रवासासाठी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं. गहाण टाकलेल्या घरात रात्री झोप कशी लागत असेल? खाशाबांनी परत येऊन कुस्त्या लावल्या आणि ते घर सोडवलं, हे मला पदकाइतकंच मोठं वाटतं, कदाचित जास्तच.

आणि केशव माणगावे. कोल्हापूरचा हा मल्ल हेलसिंकीला ६२ किलो गटात लढला, खाशाबांच्या बरोबर वरच्या वजनात. तिथे तुर्कस्तानचा बायराम शित पहिला, इराणचा नासेर गिवेची दुसरा, अमेरिकेचा जोसाया हेन्सन तिसरा आणि माणगावे चौथे. जगात चौथे. ज्या वर्षी देशाने एक वैयक्तिक पदक आणलं म्हणून आपण सत्तर वर्षं सांगतोय, त्याच वर्षी, त्याच मुलखातून गेलेला दुसरा माणूस पदकापासून एक पायरी खाली थांबला होता. त्याने पदक आणलं असतं तर खाशाबांचं एकटेपण संपलं असतं आणि आपल्या गोष्टीत दोन पैलवान आले असते. चौथ्यासाठी बैलगाड्या जुंपायची रीत आपल्याकडे नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं तेव्हा बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळाल्याच्या बातम्या आल्या, खाशाबांचा फोटो पुन्हा सगळीकडे छापून आला. मी त्या दिवशीचे पेपर चाळत बसलो होतो. माणगावे कुठेही नव्हते, आणि असणार तरी कसे. बातमी पदकाची होती.

सांगलीकडे याचं उलटं उदाहरण आहे, म्हणून तिथे मन जरा रमतं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. दोघं हिंदकेसरी, आंदळकर १९६० चे, माने १९६४ चे. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोघं गेले आणि दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण, एक रौप्य आणलं. आंदळकरांचं सुवर्ण ग्रीको-रोमनमधलं, मान्यांचं फ्रीस्टाईलमधलं. एका जिल्ह्यातले दोघे, एकाच वेळी. इथे दोघांचीही नावं राहिली, जोडीने राहिली. एकाचं नाव निघालं की दुसऱ्याचं निघतंच. त्या स्पर्धेत कुस्तीचं आणखी एक सुवर्ण भारताला मिळालं होतं, ५२ किलो गटात, मालवा या मल्लाचं. सांगलीच्या कुठल्याही पारावर हे नाव घेऊन बघा. कोणी मान वर करणार नाही. त्यांच्या गावच्या पारावर मारुती मान्यांचं नाव घेतलं तरी बहुतेक तसंच होत असेल.

आंदळकर पुढे मोतीबागेत वस्ताद झाले. जिंकलेला माणूस वस्ताद झाला की त्याला पुन्हा खालच्या नंबरांकडे बघावं लागतं, पोरांच्या जोड्या लावाव्या लागतात, कोणाला कोणावर सोडायचं ते ठरवावं लागतं. या दुसऱ्या आयुष्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. सांगली शहरात वज्रदेही हरिनाना पवार होते, त्यांचे चिरंजीव बिजली मल्ल संभाजी पवार आमदार होऊन गेले. आता तरुण पोरांना आमदार आठवतात, वडिलांचं नाव वाचून दाखवावं लागतं. पहिला महाराष्ट्र केसरी कोण, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत असतो. दिनकर दह्यारी, १९६१, औरंगाबाद. पोरं हे उत्तर घडाघडा सांगतात. त्या दिवशी समोर कोण होतं, हा प्रश्न पुस्तकात नाही.

साताऱ्यात २०२२ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. करोनामुळे खंड पडल्यावरची पहिलीच, त्यामुळे गर्दी उसळली होती. अंतिम कुस्तीत पृथ्वीराज पाटील विशाल बनकरवर ५-४ असा जिंकला. एका गुणाने. त्या एका गुणाच्या अलीकडे चांदीची गदा, खांद्यावरची मिरवणूक आणि आयुष्यभरासाठी नावामागे लागणारी पदवी. पलीकडे ‘उप’ हा शब्द. कुस्ती संपली तेव्हा सगळे कॅमेरे एका बाजूला धावले हे सांगायला नको. तात्या टीव्हीवर बघत होते. त्यांना गदेत काही रस नव्हता. “त्या दुसऱ्या पोराचं जोडीदार कोण असत्याल?” असं ते विचारत होते. माझ्याकडे काय उत्तर असणार. पण तेव्हापासून कुठलाही मोठा निकाल लागला की माझ्याही मनात तोच प्रश्न येतो, आणि जिंकणाऱ्याबद्दलही येतो. पहाटे अंधारात त्या पोराच्या खाली कोण कोण पडलं असेल, त्यांच्यातला कोण दोन महिने मुंबईचा झाला असेल, कोणाला आपला घिस्सा कधी मैदानात काढताच आला नसेल.

एकदा मी तात्यांना सरळच विचारलं होतं, तालमीत तुम्ही आमच्या गड्याला किती वेळा पाडलं? ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. “आत झालं ते आत,” एवढंच म्हणाले. हे सांगण्यात नकार नव्हता, होकारही नव्हता. त्यांच्या घरात एकही गदा नाही. सहकारी साखर कारखान्यात काही वर्षं त्यांना पैलवान म्हणून मानधन मिळालं, मग तिथेच वॉचमनची नोकरी लागली, त्यातूनच ते निवृत्त झाले. ‘आमचा गडी’ वारला तेव्हा मात्र ते सकाळच्या पहिल्या गाडीने कोल्हापूरला गेले आणि तीन दिवस आले नाहीत. काकूंनी विचारलं तर म्हणाले, तालमीतली सगळी आली हुती. ही सगळी म्हणजे कोण, ते कुठल्याच पोस्टरवर सापडणार नाही.

यंदा पुसेगावकडच्या एका मैदानाला त्यांना घेऊन गेलो. अर्थात तीन वाजताच. नंतर त्यांना बसवत नाही. चौथी-पाचवीतल्या दोन पोरांची कुस्ती लागली होती. त्यातल्या काळ्या लंगोटवाल्याने पट काढायला वाकताना मागचा पाय चुकीच्या जागी ठेवला आणि क्षणात आस्मान बघितलं. पब्लिक जिंकणाऱ्याला नोटा द्यायला पुढे सरकलं. तात्या गुडघा धरत उठले, कडेकडेने गेले आणि हरलेल्या पोराचा दंड पकडून त्याला झापायला लागले. “आरं, पाय हितं न्हाई, हितं! वाकलास तवा टाच कुठं हुती तुझी? बघ हिकडं. माझ्याकडं बघ!” शेजारी हलगी कडकडत होती, त्यामुळे ते आणखी जोरात ओरडत होते. पोरगं मान हलवत होतं, पण त्याचं अर्धं लक्ष पायांकडे होतं. त्याची एक चप्पल गर्दीत कुणीतरी लाथाडली होती आणि ती कुठे गेली ते त्याला दिसत नव्हतं. तात्यांनी त्याच्या हातात वीसची नोट कोंबली आणि पुन्हा पहिल्यापासून पाय कुठे ठेवायचा ते सांगायला सुरुवात केली.